पोच घेतल्याशिवाय पुसू नका

‘डेटा मायग्रेट झालाय.’ हे वाक्य आपल्या सरकारी बोलीत ज्याने कुणी आणलं, त्याला शोधून काढून शाल-श्रीफळ दिलं पाहिजे. पूर्वी कागद गहाळ झाला की बिचाऱ्या कारकुनाला निदान वाळवी, उंदीर, गळकं छप्पर यांपैकी कुणाचं तरी नाव घ्यावं लागायचं. आता तेवढेही कष्ट नाहीत. मायग्रेट झालाय, विषय संपला. कुठून कुठे गेला, काय काय निघालं आणि काय काय पोचलं, असं विचारणारा माणूस अडाणी ठरतो.

पोस्ट मोठी आहे, मध्ये थोडं तांत्रिकही आहे. पण विषय शाळेमागच्या खुल्या जागेचा आहे, त्यामुळे गावातल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या जागेवर मुलांसाठी मैदान राहील, बांधकाम होणार नाही, असा ठराव २००९ साली झाला होता. त्या सभेचं इतिवृत्त संस्थेच्या (नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही) जुन्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये होतं. अकरा पानं. शेजारच्या काकांनी तेव्हा त्यातली पहिली दोन छापून ठेवली होती. ठराव नेमका पुढच्या पानांत. आता त्याच जागेवर गाळे काढायची भाषा सुरू झाली आहे. म्हणून इतिवृत्त बघायला गेलो, तर वेबसाइट नवी. वरती मान्यवरांचे फोटो आपोआप सरकतात, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा पळतो, आणि ‘इतिवृत्ते’वर क्लिक केलं की २०१७ पासूनची यादी येते. त्याआधीचं काही नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, ‘सदर माहिती कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’

मग जुन्या एजन्सीला फोन. ‘साहेब, आम्ही सगळा डेटा नव्या पार्टीला हँडओव्हर केला आणि आमचा सर्व्हर बंद केला.’ नव्या एजन्सीला फोन. ‘सर, आम्हाला जेवढं मिळालं तेवढं आम्ही चढवलं.’ कार्यालयात विचारलं, तर दोन्ही एजन्सींची बिलं नियमानुसार अदा झाली आहेत. झालीच असणार! आणि कागदी इतिवृत्ताचं काय? ते स्कॅनिंगला दिलेल्या गठ्ठ्यात होतं म्हणे. गठ्ठे परत आले, पण जाताना किती होते आणि येताना किती आले याची यादी कुणाकडेच नाही.

यातलं कुणी खोटं बोलत नाही असं धरून चालू. जुन्याने खरंच दिलं, नव्याने खरंच मिळालं ते चढवलं. तरी अकरा पानं नाहीत. आणि याला मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर एकच कारण सांगण्यात आलं, ‘तांत्रिक अडचण’. इथे माझं डोकं फिरतं. कारण तंत्राच्या बाजूने हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. तोही फुकट.

गिट-अ‍ॅनेक्स नावाचं एक साधन आहे. जोई हेस नावाच्या प्रोग्रामरने २०१० मध्ये ते लिहायला घेतलं. हा माणूस डेबियन या मुक्त प्रणालीवर कित्येक वर्षं काम केलेला. प्रश्न साधाच होता, तुमच्या-माझ्या घरातलाच: फाइली पाच ठिकाणी पसरलेल्या आहेत, काही लॅपटॉपवर, काही दोन-तीन हार्डडिस्कवर, काही दूरच्या सर्व्हरवर, कुठे काय आहे आणि कुठलं पुसलं तर चालेल, हे कसं कळायचं? सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ‘गिट’ नावाची व्यवस्था वापरतात, तिच्यावर त्याने हे चढवलं. फाइलींची यादी आणि इतिहास गिटमध्ये राहतो, आणि फाइलींचा खरा ऐवज बाजूला, ज्या कोठारात ठेवाल त्या कोठारात. (रिपॉझिटरीला मी कोठार म्हणतोय, गोड मानून घ्या.) यादी प्रत्येक कोठारात पूर्ण असते, माल मात्र जिथे असेल तिथेच. वाचनालयाच्या चार शाखा आहेत आणि चारही शाखांत सगळ्या पुस्तकांची कार्डं आहेत, पण पुस्तक कुठल्या कपाटात ते कार्डावर लिहिलंय, असं समजा.

दिसायला काही नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, एवढंच. त्यातला एक हुकूम आहे ‘मूव्ह’. ही फाइल या कोठारातून त्या कोठारात हलव. आता हा हुकूम काय करतो ते नीट बघा, कारण माझं सगळं भांडण इथेच आहे.

तो आधी फाइलची प्रत पलीकडे पाठवतो. मग पलीकडे ती नीट पोचली का याची खात्री करतो. खात्री झाली तरच अलीकडची काढतो. मध्येच लाइन गेली, डिस्क भरली, वायर निघाली, तर अलीकडची फाइल होती तशी राहते. खात्री कशी? प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक ठसा असतो, शा-२५६ म्हणतात त्याला. फाइलीतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. आणि फाइलचं नाव काहीही ठेवा, ‘ठराव फायनल’, ‘ठराव फायनल नवीन २’, ठसा तोच. पोचलेला माल निघालेल्या मालाशी जुळतो की नाही हे त्या ठशावरून कळतं. कुणाच्या ‘हो, मिळालं’ या फोनवर ते अवलंबून नाही.

याच्या पुढची गंमत आहे ‘ड्रॉप’ या हुकमात. म्हणजे इथली प्रत काढून टाक. तुम्ही आधीच ठरवून ठेवता की प्रत्येक फाइलच्या किमान किती प्रती असायला हव्यात. समजा तीन. आता तुम्ही एखादी प्रत काढायला गेलात, तर हे साधन वहीत काय लिहिलंय त्यावर विसंबत नाही. ते स्वतः बाकीच्या कोठारांना गाठून विचारतं की बाबा, तुझ्याकडे आत्ता, या क्षणी, ती फाइल आहे का. पुरेशा ठिकाणांहून ‘आहे’ आलं नाही, तर ते साफ नकार देतं: पुरेशा प्रतींची खात्री झाली नाही, ही अमुक कोठारं जोडून बघा. जबरदस्ती करायची तर वेगळा शब्द टाइप करावा लागतो. म्हणजे चुकून पुसलं गेलं म्हणायची सोय नाही.

‘मूव्ह’लाही हे लागू आहे. पलीकडे ती फाइल आधीपासूनच असेल, तर हलवण्याच्या नावाखाली एकूण प्रत एकने कमी होणार हे त्याला कळतं. मग ते आधी किमान प्रतींचा हिशोब बघतं.

आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. समजा दोन कोठारं आहेत आणि दोघांकडे एकेक प्रत आहे. दोघांनी एकाच वेळी ठरवलं की समोरच्याकडे आहे, मग मी माझी काढतो. दोघांनी एकमेकांना विचारलं, दोघेही ‘आहे’ म्हणाले, दोघांनीही पुसलं. प्रत शून्य, आणि कुणीही खोटं बोललं नाही. या साधनात त्यावर बंदोबस्त आहे: ‘आहे’ असं सांगणाऱ्याने, विचारणाऱ्याचं काम होईपर्यंत, आपली प्रत कुलूप लावून धरायची.

वर सांगितलेले दोन फोन आठवा. आपली अकरा पानं याच पद्धतीने गेलीत. एक लाइव्ह सर्व्हर, एक कागदी गठ्ठा. कार्यालय म्हणालं स्कॅन आहे ना, मग गठ्ठ्याची मोजदाद कशाला. एजन्सी म्हणाली कार्यालयाकडे मूळ कागद आहे ना, मग प्रत्येक फाइल तपासायची कशाला.

यात परकं काहीच नाही, याचाच मला जास्त राग येतो. आवक-जावक रजिस्टर काय होतं? कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला, की घेणाऱ्याची सही वहीत. सही नाही, तोवर कागद देणाऱ्याच्या नावावर. बदली झालेला कारकून चार्ज देताना यादी करायचा, दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि एक नस्ती कमी निघाली तर त्याची निवृत्तीपर्यंत पाठ सुटायची नाही. जोई हेसने संगणकाला शिकवलं ते आपल्या बारनिशीतल्या अण्णांना पाठ होतं. संगणक आला आणि आपण अण्णांची वही बंद केली. नवी वही उघडलीच नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे असंच चालतं. नाही हो, जगात असंच चालतं, आणि त्याची किंमत जगाने मोजलीये. मायस्पेस आठवतंय? २००३ साली सुरू झालेली ती साइट, नवखे गायक-वादक आपली गाणी तिथे चढवायचे. मार्च २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत चढवलेलं संगीत, फोटो, व्हिडिओ गेले. बारा वर्षांचा ऐवज. गाण्यांचा आकडा बातम्यांत ५ कोटींच्या वर होता. नंतर त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी इंटरनेट आर्काइव्हवर परत आली. ती कशी आली? काही अभ्यासकांनी आपल्या संशोधनासाठी पूर्वीच उतरवून ठेवली होती म्हणून. कंपनीच्या बॅकअपमधून एकही नाही.

दक्षिण कोरिया तर तंत्रज्ञानात आपल्या कितीतरी पुढे. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या त्यांच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. आग कधी लागली, तर बॅटऱ्या दुसरीकडे हलवायचं काम चालू असताना! शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. बहुतेक हळूहळू परत आल्या. पण सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइली ठेवायच्या म्हणून जी सामायिक जागा होती, जी-ड्राइव्ह, तिच्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर दुसरी प्रत नव्हती. का नव्हती? आकारमान फार मोठं होतं म्हणे.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं, वरच्या मजल्यांवरच्या किती खात्यांच्या नस्त्यांची राख झाली ते सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजून गेली. आग आणि पूर आपण थांबवू शकत नाही, ठीक आहे. पण वेबसाइट बदलताना कुठे आग लागली होती?

आणि जुना कागद काय करू शकतो हे २०२३ पासून अख्खा महाराष्ट्र बघतोय. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला तहसीलपासून शाळांपर्यंतची जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक भाव आला. त्या प्रश्नावर तुमचं-माझं मत काहीही असो, तो आजचा विषय नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कुणा तलाठ्याने, कुणा मास्तराने एका ओळीत लिहिलेली नोंद एखाद्या घराचं भविष्य ठरवू शकते, हे तर दिसलं? ते सगळं स्कॅन झालं, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढलं, चांगलंच झालं. आता सांगा, पुढच्या पाच-सात वर्षांत त्या वेबसाइट बदलतील तेव्हा ‘मायग्रेशन’ कोण करणार आहे, आणि पोच कोण घेणार आहे?

ही पोस्ट टाकायच्या आधी तीन-चार जणांना वाचायला दिली होती. त्यांचे आक्षेप आणि माझी उत्तरं:

‘आता सगळं क्लाउडवर असतं.’ असू दे. क्लाउड हे एक कोठार झालं. बाकीची दोन कुठायत? आणि त्याचं भाडं कंत्राटाबरोबर संपतं की नंतरही चालू राहतं, हे कार्यादेशात लिहिलंय का ते बघा. मी पाहिलंय, लिहिलेलं नाही. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत म्हणून दोन प्रती, असंही एक जण म्हणाला. एकाच खोलीतल्या, एकाच पेटीतल्या दोन डिस्क. पुसायचा हुकूम दिला की दोन्हीवरून एकदमच पुसलं जातं.

‘ते साधन फार किचकट आहे.’ हे मात्र खरं आहे, उगाच वकिली करणार नाही. माल इथे नसेल तर फाइल तुटलेल्या दुव्यासारखी दिसते, नवखा माणूस घाबरतो. विंडोजवर ते लिनक्सइतकं सुरळीत चालत नाही आणि आपल्या कार्यालयांत विंडोजच आहे. सामान्य माणसाला सोपं जावं म्हणून हेसने २०१२ मध्ये लोकवर्गणी काढून त्याला एक खिडक्या-बटणांचं रूपही दिलं होतं, तरी ते घराघरात पोचलं नाही. पण मी कधी म्हटलं की तलाठ्याने रात्री बसून हुकूम टाइप करावेत? मेंदूचे स्कॅन सांभाळणारे संशोधक डेटालॅड वापरतात, ते याच साधनावर उभं आहे. २०१५ मध्ये स्वयंसेवकांनी इंटरनेट आर्काइव्हच्याच प्रती घरोघरच्या डिस्कवर पसरवून ठेवायचा उद्योग आरंभला, तोही याच्याच जोरावर. म्हणजे चालवणारे चालवतात. लाखोंची निविदा भरणाऱ्या एजन्सीला हे झेपत नसेल तर तिने निविदा भरू नये.

आमच्या आयटीवाल्या भाच्याचं म्हणणं, ‘मामा, एवढ्यासाठी हेच साधन कशाला, ठसे तपासणारी वीस ओळींची स्क्रिप्टही पुरेल.’ अरे मग लिही ना बाबा! मला साधनाचं नाव नकोय, मला वागणूक हवी आहे. वीस ओळींत होणारं काम कुणी केलं नाही, हीच तर तक्रार आहे.

‘कायद्यात तशी तरतूद नाही.’ आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ च्या पहिल्याच पोटकलमात अभिलेख सूचीबद्ध करून नीट सांभाळण्याचं कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकलेलं आहे. राज्याचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच. ‘सापडत नाही’ एवढं म्हणून सुटता येत नाही, शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. अपिलात मी हे सगळं जोडलं आहे. सुनावणीची तारीख आली की कळवेन.

तोवर येत्या सोमवारी आम्ही काही जण निवेदन देतोय. वेबसाइटचं पुढचं कंत्राट या वर्षअखेर निघणार आहे, त्याच्या आत अटी बदलून घ्यायच्या आहेत. मागणी मोजकीच आहे. जुन्या एजन्सीने आपल्याकडच्या प्रत्येक फाइलची ठशासकट यादी आधी द्यायची, आणि ती यादी वेबसाइटवरच लोकांना बघायला ठेवायची. नव्या एजन्सीने चढवलेल्या फाइलींचे ठसे त्या यादीशी जुळवून लेखी पोच द्यायची. न जुळणाऱ्या फाइलींची संख्या शून्य होईपर्यंत जुना सर्व्हर बंद करायचा नाही आणि जुन्याचं शेवटचं बिल काढायचं नाही. प्रत्येक इतिवृत्ताच्या किमान तीन प्रती, त्यातली एक या इमारतीच्या बाहेर, आणि एक कुठल्याही एजन्सीच्या ताब्यात नसलेली. शिवाय वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून ठसे पुन्हा तपासायचे, कारण डिस्क कपाटात पडल्या पडल्याही खराब होते. कागदी गठ्ठा स्कॅनिंगला जाताना पानं मोजून, येताना पानं मोजून. बस.

अध्यक्षांना व्यक्तिशः माझा विरोध नाही, हेही सांगून ठेवतो. त्यांच्या कार्यकाळात हे झालेलं नाही. पण त्यांच्या कार्यकाळात पुन्हा होऊ शकतं, आणि गाळ्यांचा प्रस्ताव मात्र त्यांच्याच कार्यकाळात आलेला आहे.

आता तुमच्याकडून काय हवंय. जुन्या वेबसाइटवरून कुणी कधीही इतिवृत्तं उतरवून घेतली असतील, २००९ चीच असं नाही, २०१७ च्या आधीची कुठलीही, तर मला पाठवा. तेव्हाचे पत्रकार, घरपट्टीच्या वादात कागद जमवलेले लोक, कायद्याचे विद्यार्थी, सायबर कॅफेवाले, सगळ्यांनी जुने पेनड्राइव्ह आणि जुन्या मेल एकदा चाळा. फाइलचं नाव बदललेलं असलं तरी हरकत नाही. स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका, मूळ पीडीएफच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. आणि पाठवल्यावर तुमच्याकडची पुसू नका. माझ्याकडून पोच येईल, त्यानंतरही पुसू नका.